समानांचे वाचन : ‘अस्मितादर्श’ आणि विद्यापीठीय आपलेपणाचा प्रश्न

विद्यापीठात नेमणूक होणे आणि विद्यापीठ आपले वाटणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली एका आदेशपत्राने घडते. दुसरी कित्येकदा निवृत्तीच्या निरोपसमारंभापर्यंत घडत नाही. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजांतून आलेल्या प्राध्यापकांविषयी जी चर्चा होत आली ती बहुतांशी पहिल्या घटनेपुरती, म्हणजे राखीव जागा, बिंदुनामावली आणि अनुशेष यांच्यापुरती मर्यादित राहिली. ती आवश्यक होती व आहे. परंतु जागा भरली गेल्यानंतर त्या जागेवरील माणसाचे विभागात काय होते, त्याच्या लेखनाला पहिला वाचक कोण मिळतो, त्याच्या मताशी कोण आणि कोणत्या रीतीने असहमत होते, हे प्रश्न आत्मकथनांच्या आणि गौरवग्रंथांतील आठवणींच्या समासात पडून राहिले. वस्तुतः ते समीक्षाव्यवहाराचे प्रश्न आहेत. मराठी समीक्षेत दलित साहित्यविचाराने जे स्थित्यंतर घडवले, त्याची एक महत्त्वाची पूर्वअट अशा अध्यापकांनी परस्परांसाठी निर्माण केलेला वाचनाचा अवकाश ही होती. १९६० नंतरच्या दशकात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाभोवती आणि पुढे ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाभोवती जमलेल्या अध्यापक-लेखकांचा विचार या दृष्टीने करावयास हवा.

एकटेपणाचे एकक विभाग हे असते. विद्यापीठाच्या एकूण पटावर वंचित समाजांतील प्राध्यापकांची संख्या काहीही असो, प्रत्यक्ष दैनंदिन व्यवहार चालतो तो पाच-सात जणांच्या विभागात, आणि तेथे असा प्राध्यापक बहुधा एकटा असतो. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठ हे एकक न मानता विभाग हे एकक मानावे असा निर्णय दिला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ मार्च २०१८ रोजी तसे परिपत्रक काढले, तेव्हा या गोष्टीचे गणित उघडे पडले. केंद्रीय बिंदुनामावलीत चौथी जागा इतर मागासवर्गीयांची, सातवी अनुसूचित जातींची आणि चौदावी अनुसूचित जमातींची. तीन शिक्षकांच्या विभागात यांपैकी कोणाचीच पाळी येत नाही. सहा शिक्षकांच्या विभागातही अनुसूचित जातीचा उमेदवार दाराबाहेरच राहतो. देशभर आंदोलने झाल्यानंतर २०१९ च्या कायद्याने केंद्रीय संस्थांपुरते तरी संस्था हेच एकक पुन्हा प्रस्थापित झाले. जागांचा हिशेब त्यामुळे सुधारला. पण ज्ञानव्यवहाराचे एकक विभाग हेच राहिले, आणि ते कायद्याने बदलण्यासारखे नाही.

या एकटेपणाचे स्वरूप भावनिक आहे असे समजण्याची चूक वारंवार केली जाते. अपमान, कुजबूज, राखीव जागेचा उल्लेख या गोष्टी घडतात आणि त्या क्लेशकारक असतात यात शंका नाही. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक खोल जाणारी हानी वेगळी आहे. विभागात एकट्या असलेल्या अशा अध्यापकाच्या निबंधाला दोनच प्रकारचे प्रतिसाद संभवतात. एक म्हणजे सौजन्य : निबंध न वाचता केलेली प्रशंसा, ‘अनुभवाची दाहकता’ वगैरे ठरीव शब्दांत. दुसरा म्हणजे असा नकार, की ज्यात मताविषयीचा आक्षेप आणि माणसाच्या पात्रतेविषयीची शंका एकमेकींत मिसळून गेलेली असते, इतकी की बोलणाऱ्यालाही ती वेगळी काढता येऊ नये. पहिल्या प्रतिसादाने लेखकाला काही शिकता येत नाही. दुसऱ्याने त्याला बचावच करावा लागतो. दोन्हींत वाचन घडत नाही. अध्यापनाच्या वाटपातही हीच रीत दिसते. ग्रामीण व दलित साहित्याची प्रश्नपत्रिका त्याच्याकडे सहज येते. साहित्यशास्त्राची किंवा मध्ययुगीन वाङ्मयाची मागावी लागते.

कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) मधील संस्कृतविषयक लेखन या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. महार समाजातील एक मुलगी संस्कृतात एम. ए. होते, तिचे जाहीर कौतुक होते, आणि तरीही अध्यापनाची नोकरी मिळत नाही. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलते आणि मग अल्पावधीत ती मिळते. हा भाग बहुधा जातिव्यवस्थेच्या ढोंगाचा पुरावा म्हणून उद्धृत केला जातो आणि तसा तो आहेच. पण त्याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट त्यात आहे. तिच्या संस्कृतज्ञानाविषयी सर्वांना आश्चर्य वाटते. त्या ज्ञानाच्या आशयाविषयी कोणी तिच्याशी वाद घालीत नाही. आश्चर्य हा वाचनाचा पर्याय होतो. कालिदास कसा वाचावा यावर तिच्याशी भांडणारा एकही समविषयी स्नेही या लेखनात ठळकपणे उभा राहत नाही, आणि लेखिकेने वर्णन केलेले तुटलेपण जितके जातीचे आहे तितकेच या अभावाचेही आहे.

अमेरिकन विद्यापीठांत या प्रश्नाची चर्चा गेली काही दशके ‘आपलेपणाची जाणीव’ या नावाने चालू आहे. ओहायोतील मायामी विद्यापीठात १९७९ पासून नवागत अध्यापकांचे अभ्याससमूह चालवले गेले. २०१२ मध्ये ‘प्रिझ्यूम्ड इन्कॉम्पिटंट’ हा वर्णीय स्त्री-प्राध्यापकांच्या अनुभवांचा संग्रह प्रसिद्ध झाला, आणि ज्यांची अपात्रता आधीच गृहीत धरली जाते त्यांनी परस्परांच्या आधाराने संशोधन करावे ही भूमिका दृढ झाली. या साहित्यातील निरीक्षणे मोलाची आहेत. मात्र त्याचा प्रशासकीय अवतार बराच पातळ आहे : अध्यापक नोकरी सोडून जाऊ नयेत म्हणून योजलेला उपचार, असे समूहाचे रूप त्यात उरते. समूहामुळे अध्यापकाला बरे वाटले की उद्दिष्ट सफल. त्या समूहात बसून त्याने काय लिहिले, आणि त्या लेखनाने विषयशाखेत काही हलले का, हा प्रश्न तेथे सहसा विचारला जात नाही. औरंगाबादचा इतिहास नेमका याच ठिकाणी वेगळा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला पुढे ‘मिलिंद’ हे नाव धारण करणारे महाविद्यालय सुरू झाले. परिसराचे नाव नागसेनवन. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील ग्रीक राजा आणि बौद्ध भिक्षू यांची ही नावे. त्या ग्रंथाच्या आरंभीच एक अट येते आणि ती या चर्चेच्या दृष्टीने मूलगामी आहे. राजा वाद करू इच्छितो. नागसेन विचारतो की वाद पंडितांच्या रीतीने करायचा की राजांच्या. पंडितांच्या वादात एकाचे म्हणणे दुसरा खोडतो, चूक दाखवली जाते, ती मान्य केली जाते, आणि त्यामुळे कोणी रागावत नाही. राजांच्या वादात जो असहमत होतो त्याला दंड होतो. मिलिंद पंडितांची रीत स्वीकारतो आणि मगच संवाद सुरू होतो. ज्या समाजाला शतकानुशतके असहमतीबद्दल दंडच मिळाला, त्याच्यासाठी काढलेल्या महाविद्यालयाला हे नाव मिळाले, हे योगायोगाचे मानता येत नाही.

या महाविद्यालयाची घडण केवळ दलित अध्यापकांनी केली असेही नाही. प्राचार्य म. भि. चिटणीस हे दलित नव्हते. आंबेडकरी जाणिवेचे आद्य नाटक म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते ‘युगयात्रा’ त्यांचे. परंतु वळण आले ते म. ना. वानखडे यांच्यामुळे. अमेरिकेतील संशोधन आटोपून परतलेल्या वानखड्यांनी तेथील कृष्णवर्णीय लेखकांच्या वाङ्मयाचा परिचय सोबत आणला आणि मिलिंदमधील तरुण अध्यापकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे विद्रोही वाङ्मयाची मागणी ठेवली. १९६७ मध्ये ‘अस्मिता’ हे नियतकालिक सुरू झाले. तेच पुढे गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मितादर्श’ झाले. १९६९ च्या ‘मराठवाडा’ दिवाळी अंकात दलित साहित्यावर चर्चा झाली आणि वाद महाराष्ट्रभर पसरला. यापूर्वी, १९५८ मध्ये, मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले होते आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले होते. म्हणजे संज्ञा नवी नव्हती. नवे होते ते तिच्याभोवती सातत्याने, अंकामागून अंक, चिकित्सा करणारे एक वर्तुळ.

‘अस्मितादर्श’ हे साहित्याचे त्रैमासिक होते, संशोधनगट नव्हता, असा आक्षेप येथे घेता येईल. औपचारिक अर्थाने तो बरोबर आहे. त्याला प्रकल्प नव्हता, अनुदानाचा आराखडा नव्हता. पण समवयस्क आणि समदुःखी अभ्यासकांचा गट जी कामे करतो ती सर्व त्याने केली. वेगवेगळ्या गावांतील महाविद्यालयांत एकेकटे असलेले अध्यापक त्याने परस्परांचे वाचक केले. त्याच्या लेखक-वाचक मेळाव्यांत ज्याचा लेख छापून आला त्याला तो लेख वाचलेली माणसे समोर बसलेली आढळत. आणि हे सुख, ज्यांना विद्यापीठीय चर्चासत्रांचा अनुभव आहे त्यांना ठाऊकच आहे की, तेथे दुर्मिळ असते.

मुख्य म्हणजे या वाचकांमध्ये एकवाक्यता नव्हती. दलित साहित्य म्हणावे, बौद्ध साहित्य म्हणावे की आंबेडकरी साहित्य म्हणावे, हा वाद वर्षानुवर्षे चालला. दलित लेखक जन्माने ठरतो की जाणिवेने, मार्क्सवादाशी नाते काय असावे, कृष्णवर्णीयांच्या वाङ्मयाशी केलेली तुलना कोठवर टिकते, असे प्रश्न त्यात ओघाने आले. पानतावण्यांनी ‘दलित’ ही जात नसून परिवर्तनाची जाणीव आहे अशी मांडणी केली. ती सर्वांना मान्य झाली नाही. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन नीग्रो साहित्य व संस्कृतीचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला आणि तुलनेला घोषणेच्या पातळीवरून अभ्यासाच्या पातळीवर आणले. बाबुराव बागुलांची भूमिका आणि यशवंत मनोहरांची भूमिका एक नव्हे. हे मतभेद चळवळीच्या दुर्बलतेचे लक्षण म्हणून सांगण्याची प्रथा आहे. तसे ते नाहीत. या लेखकांना प्रथमच असे ठिकाण मिळाले होते की जेथे ‘तुमचे म्हणणे चूक आहे’ या वाक्याचा अर्थ ‘तुम्ही येथे कसे आलात’ असा होत नव्हता. आपलेपणाची व्याख्या करावयाचीच झाली तर ती यापेक्षा वेगळी करता येणार नाही. जेथे चुकण्याचा अधिकार असतो आणि चुकीचे खंडन पात्रतेला धक्का न लावता होते, ते स्थळ अभ्यासकाला आपले वाटते. प्रेमळपणा हा त्याचा आनुषंगिक गुण. तो नसला तरी चालते, आणि ‘अस्मितादर्श’च्या वादांत तो पुष्कळदा नव्हताही.

या मतभेदांतून जे निष्पन्न झाले त्याचे महत्त्व सैद्धान्तिक आहे. २००२ मध्ये गोपाळ गुरू यांनी भारतीय समाजशास्त्रे कितपत समतावादी आहेत असा प्रश्न उपस्थित केला. सिद्धान्त मांडण्याचे काम उच्चवर्णीयांकडे आणि तपशील व अनुभव पुरवण्याचे काम दलितांकडे, अशी श्रमविभागणी ज्ञानक्षेत्रात रुजली आहे, आणि दलित अभ्यासकांनी सिद्धान्तनाचे उत्तरदायित्व स्वीकारल्याशिवाय ती मोडणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. सुंदर सरुक्काई यांच्याबरोबरचा त्यांचा वाद २०१२ मध्ये ‘द क्रॅक्ड मिरर’ या ग्रंथात एकत्र आला. हा वादही दोन समानांमधला आहे, आणि त्याचे ग्रंथरूप दोघांच्या नावाने आहे, हे लक्षणीय. मराठी साहित्यविचारात ही श्रमविभागणी मोडण्याचा प्रयत्न त्याआधी तीन दशके सुरू झाला होता. दलित लेखकाने कविता व आत्मकथन लिहावे आणि त्याची समीक्षा इतरांनी करावी, ही व्यवस्था १९७० च्या सुमारास जवळजवळ सर्वमान्य होती. भालचंद्र फडके किंवा रा. ग. जाधव यांच्यासारख्यांनी ती समीक्षा आस्थेने केली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण निकष कोणाचे, हा प्रश्न आस्थेने सुटत नाही. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९९६ मध्ये आले तेव्हा त्यातील प्रत्येक मुद्द्यामागे अशा नियतकालिकांतून व मेळाव्यांतून झालेल्या दीर्घ झटापटी होत्या. तो ग्रंथ एकट्याचा असला तरी त्यातील प्रश्न एकट्याचे नव्हते.

अशा वर्तुळाच्या मर्यादाही त्याच्या घडणीतच असतात. पहिली मर्यादा बाहेरची आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला; त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली सोळा वर्षे औरंगाबादच्या दलित प्राध्यापकाला, तो मिलिंदमध्ये असो की विद्यापीठाच्या मराठी विभागात, रोज ज्या फाटकातून जावे लागे त्यावरील नाव हाच वादाचा विषय होता. कोणताही अभ्यासगट या वास्तवाची भरपाई करू शकत नाही. तो फार तर त्याविषयी विचार करण्याची भाषा देतो.

दुसरी मर्यादा आतली आहे आणि ती अधिक अस्वस्थ करणारी आहे. समानांच्या वर्तुळात समान कोण, हे कोणीतरी ठरवलेले असते. ‘अस्मितादर्श’ने नव्या लेखकांच्या कित्येक पिढ्यांना जागा दिली, त्यांत स्त्रियाही होत्या, तरी दलित साहित्यविचाराची मध्यवर्ती भाषा दीर्घकाळ पुरुषांची, आणि बहुतांशी पूर्वाश्रमीच्या महार समाजातील शिक्षित पुरुषांची राहिली. मातंग, चर्मकार, भटके-विमुक्त यांच्या अनुभवांना त्या भाषेत स्वतःची जागा मागावी लागली. स्त्रियांची स्थिती तर विशेष विलक्षण होती : विभागात त्या दलित म्हणून एकट्या आणि दलित अभ्यासकांत स्त्री म्हणून एकट्या. शिवाय वर्तुळ जुने झाले की त्यातला पंडितवाद क्षीण होऊ लागतो. परस्परांचे खंडन करणारे लोक परस्परांच्या पुस्तकांना प्रस्तावना लिहू लागतात. मराठीत षष्ट्यब्दीपूर्तीच्या गौरवग्रंथांनी समीक्षेची जेवढी हानी केली आहे तेवढी वैराने केलेली नाही, आणि या रोगाची लागण प्रस्थापितांपुरती राहिली नाही.

या दुसऱ्या मर्यादेला उत्तर मिळाले ते विद्यापीठाबाहेर. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा सहभाग शोधण्यासाठी या दोघींनी कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, जुनी वृत्तपत्रे चाळली, विखुरलेली माहिती जुळवली. दोघींपैकी कोणीही प्राध्यापक नव्हत्या. उर्मिला पवार शासकीय नोकरीत होत्या, मीनाक्षी मून ‘आम्ही मैत्रिणी’ हे नियतकालिक चालवीत होत्या. इतिहासाच्या विभागांनी हे काम हाती घेतले नव्हते, याचे कारण साधनांचा अभाव असे दिले गेले असते. साधने तर या स्त्रियांच्या घरांत, त्यांच्या स्मरणात होती. प्रश्न विचारणाऱ्या दोघी जणी त्यांच्यातल्याच असल्यामुळे ती उघडली. अनुभव एकीने सांगावा आणि अर्थ दुसऱ्याने लावावा ही विभागणी येथे पुसट होते. पुढे वंदना सोनाळकर यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या रूपाने, २००८ पासून, हे पुस्तक स्त्री-अभ्यासाच्या विद्यापीठीय वर्गांत दाखल झाले. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची जी मांडणी केली, तिला भेदून जाणारा प्रश्न गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये विचारला होता, की दलित स्त्रिया वेगळे का बोलतात. त्या वेगळ्या बोलण्याचे एक ठोस, पृष्ठांकित उदाहरण मून-पवारांनी त्याआधीच दिलेले होते.

अशा जोडकामाला आजच्या विद्यापीठात काय स्थान आहे, हे पाहण्यासाठी पदोन्नतीचे नियम वाचणे पुरेसे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरीचे गुणांकन आणले आणि संशोधन हे व्यक्तीच्या खात्यावर जमा होणारे धन झाले. अध्यापकांनी एकत्र बसून एकमेकांचे कच्चे लेख वाचणे, चूक दाखवणे, संदर्भ पुरवणे, एखादा प्रश्न दुसऱ्याला देऊन टाकणे, यांपैकी कशालाच त्या तक्त्यात रकाना नाही. परिणामी आज स्थापन होणारे अनेक अभ्यासगट आरंभापासूनच प्रमाणपत्रांचे गट असतात. अध्यक्षीय समारोप होतो, छायाचित्र निघते, आणि ज्याला एका वाचकाची गरज होती तो आपला निबंध घेऊन घरी जातो. पानतावणे २०१८ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी आयोगाची नवी नियमावली आली. दोन लेखकांनी मिळून केलेल्या कामाचे मूल्य तीत प्रत्येकी सत्तर टक्के धरले आहे. लेखक तीन झाले की मुख्य लेखकाला सत्तर आणि इतरांना तीस. मून आणि पवार या दोघींना त्या हिशेबाने सत्तर-सत्तर मिळाले असते. ज्यांच्या मुलाखतींवर पुस्तक उभे आहे आणि ज्यांनी प्रश्नांना उलट प्रश्न केले असतील, त्या स्त्रियांचा रकाना मात्र या नियमावलीतही नाही.